बिल्ला दोनशे बारा

सव्वीस वर्षांत नाच मी पाहिलेला नाही.
रॉटरडॅमच्या दक्षिण काठाला, केळ्यांच्या जुन्या गोदामात
भिंतीच्या पलीकडे ते असतात, अलीकडे मी,
मी आणि त्यांचे कोट,
आणि कोट टांगायची चौदा मीटर लोखंडी दांडी.

तीच मला सांगते.
हार्डस्टाईल लागलं की हँगर एका अंगाला झुकतात
वाऱ्यातल्या गव्हासारखे, आणि मध्येच
तो रडवा सूर येतो तेव्हा गप्प उभे राहतात.
आत पोरं हात वर करून उभी असणार.
गॅबरला झुकणं ठाऊक नाही.
गॅबर म्हणजे खिळा आणि हातोडा,
मिनिटाला एकशे ऐंशी; हँगर हलत नाहीत, दात वाजवतात.
फ्रेंचकोअरला उचकी लागलेली असते.
आणि टेररकोअर, पहाटे साडेचारनंतर,
शे-दीडशे माणसं उरतात तेव्हा,
ठोक्यात ठोका मिसळतो, दांडी नुसती गुणगुणते,
मधमाश्यांचं मोहोळ कुणी नळीत कोंडल्यासारखी.

भाची म्हणते, खेस्या मावशी, हे सगळं एकच नाही का?
मी म्हणते, तुझ्या आईची हाक आणि माझी हाक
एकच वाटायची का तुला?

नोव्हेंबरात वीब्रन आला.
पत्रकावर त्याचं नाव वेगळं असतं, शेजारी करवत.
मला आठवतो तो एकोणीस वर्षांचा,
डोकं तासलेलं, जांभळा ट्रॅकसूट,
जमीन आपलं काही देणं लागते अशा थाटात पाय आपटणारा.
आता पोट सुटलंय. गुडघ्याला पट्टा.
कोट दिला. मी पितळी बिल्ला दिला, दोनशे बारा,
त्याचा जुळा हँगरला अडकवला.
मग त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि
काउंटरवर दोन यंत्रं ठेवली
भुईमुगाच्या दाण्याएवढी, कातडीच्या रंगाची.
"हीपण ठेव. आत कुणाला सांगू नकोस."
कोणाला सांगणार, मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही.

आत कुणी नवी मुलगी वाजवत होती.
मी त्याचा तळवा धरला, दांडीवर टेकवला.
डोळे मिटले त्यानं. ओठ हलले.
"एकशे पासष्ट." मग, "नाही, चढतेय. आगाऊ आहे कार्टी."
हसला. पुढचा दात
तेव्हा मोडलेला, अजून तसाच.

सव्वातीनला त्याचा ठोका आला.
ओळखला मी. या टोकाकडून त्या टोकाकडे गेला,
कुणाचा तरी लोकरी कोट खाली पडला, उचलला नाही.
आणि मग एका जागी तो चुकला.
दोन तबकड्या जुळेनात, घोड्याचे पाय
एकमेकांत अडकावेत तसं; अर्धा मिनिट
कुणाचं ऐकावं ते हँगरांना कळेना.
मी काउंटर पुसायची थांबले.
टेबलावर हात दाबून धरला असेल त्यानं.
जुळलं.
आतून केवढी आरोळी उठली. मुद्दामच केलं, वाटलं असेल त्यांना.

यंत्रं काडेपेटीत ठेवली होती.
बंद कशी करायची मला माहीत नव्हतं.
रात्रभर ती शिट्टी घालत होती, बारीक, उपाशी पिल्लासारखी,
एकमेकींचंच ऐकून.

सहाला तो आला, घामानं निथळत, ओरडून बोलत.
त्या वेळी सगळेच ओरडून बोलतात, कुणाला काही वाटत नाही.
कोट ओढून घेतला आणि गेला,
काडेपेटी न घेता, बिल्ला खिशात तसाच.

सोमवारी त्याच्या मोठ्या मुलीचा फोन आला.
"बाबांचं तुमच्याकडे काही राहिलंय का?"
काय, ते ती बोलेना. मीही बोलले नाही.
"बघते," म्हटलं.

रिकाम्या हँगरवर दोनशे बारा अजून आहे.
शनिवारी कुणी वाजवायला लागलं की
सगळ्यांत आधी तोच वाजतो.